चिनी शब्द व वाक्प्रचार : समाईक लिपिचिन्हांद्वारे अध्ययन

चिनी भाषेतील एखादे लिपिचिन्ह ज्या ज्या शब्दांत व वाक्प्रचारांत येते, ते सर्व एकत्र घेऊन त्या चिन्हाच्या आधारे त्यांचा अर्थ, रचना व उपयोग आत्मसात करण्याची पद्धती. चिनी शब्द हा बहुधा दोन किंवा अधिक चिन्हांचा समास असतो आणि त्यातील प्रत्येक चिन्हाला स्वतःचा अर्थ असतो. त्यामुळे शब्द सुटे पाठ करण्याऐवजी चिन्हांच्या कुळांनुसार शिकल्यास स्मरणावरील भार पुष्कळ कमी होतो. तथापि चिन्हांच्या अर्थांची बेरीज म्हणजे शब्दाचा अर्थ, असे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही. ते कोठे लागू पडते व कोठे पडत नाही याचे ज्ञान हा या पद्धतीचा महत्त्वाचा भाग होय.

लिपिचिन्हांचे स्वरूप : एक लिपिचिन्ह सामान्यतः एक अवयव (उच्चाराचा एकक) व एक अर्थ दर्शविते. श्यू शन याने इ. स. १०० च्या सुमारास सिद्ध केलेल्या कोशात ९,३५३ चिन्हे असून ती ५४० मूलांगांखाली लावलेली आहेत. खांग-शी सम्राटाच्या आज्ञेवरून तयार झालेल्या व १७१६ मध्ये पूर्ण झालेल्या कोशात सु. ४७,००० चिन्हे आहेत व मूलांगांची संख्या २१४ आहे. यांपैकी फार मोठा भाग केवळ जुन्या ग्रंथांत आढळतो. चीनमध्ये २०१३ साली जाहीर झालेल्या प्रमाण यादीत ८,१०५ चिन्हे असून नित्योपयोगी अशा पहिल्या वर्गात ३,५०० चिन्हे आहेत. शब्दांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे, कारण तीच चिन्हे पुनःपुन्हा जुळून नवे शब्द बनतात. प्रस्तुत पद्धतीचा पाया हाच आहे.

समाईक चिन्ह व समाईक घटक यांतील भेद मात्र प्रारंभीच लक्षात घ्यावा लागतो. बहुसंख्य चिन्हे एक अर्थसूचक व एक ध्वनिसूचक अशा दोन घटकांची बनलेली असतात. ‘आई’ या अर्थाच्या चिन्हात डावीकडे ‘स्त्री’ व उजवीकडे ‘घोडा’ असे घटक आहेत. ‘घोडा’ या चिन्हाचा उच्चार ‘मा’ असा असल्यामुळे तो येथे केवळ उच्चार सुचवितो. आईचा व घोड्याचा अर्थदृष्ट्या काहीही संबंध नाही. याउलट ‘मा’ हे पूर्ण चिन्ह ‘घोडागाडी’ या शब्दात येते तेव्हा ते घोड्याचाच अर्थ देते.

या नोंदीत चिनी शब्द मँडरिन उच्चारांना अनुसरून देवनागरीत स्थूलमानाने दिले आहेत. ख, छ, थ, फ यांनी महाप्राण व ग, ज, द, ब यांनी अल्पप्राण व्यंजने दर्शविली आहेत. अल्पप्राण व्यंजने चिनी भाषेत घोष नसतात.

शब्दकुले : मराठी वाचकास ही पद्धती अपरिचित नाही. ‘जल’ हा शब्द ठाऊक असणाऱ्यास जलाशय, जलचर, जलप्रवास हे शब्द निराळे शिकावे लागत नाहीत. चिनी भाषेत हा प्रकार अधिक व्यापक आहे. उदा., ‘ह्वो’ म्हणजे आग. ‘ह्वो-छ’ (आग-गाडी) म्हणजे रेल्वेगाडी, ‘ह्वो-छाय’ (आग-लाकूड) म्हणजे आगकाडी, ‘ह्वो-शान’ (आग-पर्वत) म्हणजे ज्वालामुखी आणि ‘ह्वो-ज्येन’ (आग-बाण) म्हणजे अग्निबाण. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या जहाजाला चिनी लोकांनी ‘ह्वो-लुन-छ्वान’ (आग-चाक-नौका) म्हटले, तर मराठी लोकांनी आगबोट म्हटले. एकमेकींशी संपर्क नसलेल्या दोन भाषांनी नव्या यंत्राला त्याच्या दृश्य लक्षणावरून एकाच तऱ्हेची नावे दिली. पुढे इंजिनातील आग जाऊन गाड्या विजेवर धावू लागल्या, तरी मराठीतील आगगाडी व चिनीतील ‘ह्वो-छ’ ही नावे टिकून राहिली.

‘वीज’ या अर्थाच्या ‘द्येन’ या चिन्हाचे कूळ आधुनिक काळात विस्तारले. ‘द्येन-ह्वा’ (वीज-बोलणे) म्हणजे दूरध्वनी, ‘द्येन-यिंग’ (वीज-छाया) म्हणजे चित्रपट, ‘द्येन-थी’ (वीज-शिडी) म्हणजे उद्वाहक आणि ‘द्येन-नाओ’ (वीज-मेंदू) म्हणजे संगणक. यांतील प्रत्येक उत्तरपदापासून पुन्हा दुसरे कूळ सुरू होते. ‘ह्वा’ (बोलणे) यापासून ‘दुय-ह्वा’ (समोरासमोर-बोलणे) म्हणजे संवाद, ‘श्याओ-ह्वा’ (हसणे-बोलणे) म्हणजे विनोद आणि ‘शन-ह्वा’ (देव-बोलणे) म्हणजे पुराणकथा हे शब्द झाले. अशा रीतीने एका शब्दातून दोन कुळांत प्रवेश मिळतो व शिकलेल्या शब्दांचे परस्परांशी जाळे तयार होते.

अमूर्त अर्थाच्या शब्दांतही कुळे आढळतात. ‘शिन’ म्हणजे हृदय किंवा मन. ‘शांग-शिन’ (जखमी-मन) म्हणजे दुःखी, ‘खाय-शिन’ (उघडे-मन) म्हणजे आनंदित, ‘दान-शिन’ (मनाचे ओझे वाहणे) म्हणजे काळजी करणे, तर ‘फांग-शिन’ (मन खाली ठेवणे) म्हणजे निश्चिंत होणे. परंतु ‘श्याओ-शिन’ (लहान-मन) याचा अर्थ मराठी वाचकास अपेक्षित असलेला ‘कोत्या मनाचा’ असा नसून ‘सावध’ असा आहे. कुळावरून अर्थाची दिशा कळते. नेमका अर्थ प्रयोगावरूनच निश्चित करावा लागतो.

समासरचना : चिनी जोडशब्दांचे वर्गीकरण संस्कृत-मराठी समासांच्या परिचयामुळे मराठी वाचकास सुकर होते. ‘ह्वो-छ’ यासारख्या शब्दांत पूर्वपद विशेषण असते व उत्तरपद प्रधान असते. हा प्रकार तत्पुरुष-कर्मधारयासारखा आहे. विरुद्धार्थी पदांच्या जोड्या द्वंद्वासारख्या असल्या, तरी त्यांतून बहुधा एक सामान्य कल्पना निष्पन्न होते : ‘दा-श्याओ’ (मोठे-लहान) म्हणजे आकारमान, ‘छांग-द्वान’ (लांब-आखूड) म्हणजे लांबी, ‘माय-माय’ (घेणे-विकणे) म्हणजे व्यापार. शेवटच्या शब्दातील दोन ‘माय’ स्वरांनी भिन्न असून त्यांची चिन्हेही भिन्न आहेत. ‘दुंग-शी’ (पूर्व-पश्चिम) याचा अर्थ मात्र ‘वस्तू’ असा होतो आणि तो घटकांवरून तर्काने काढता येत नाही.

वाक्प्रचार : चिनी भाषेत बहुधा चार चिन्हांचे, प्राचीन ग्रंथभाषेच्या धाटणीचे वाक्प्रचार असून त्यांना ‘छंग-यू’ म्हणतात. समाईक चिन्हानुसार त्यांचे गट केल्यास ते लवकर ध्यानात राहतात. ‘जिंग’ म्हणजे विहीर. या चिन्हाच्या कुळातील ‘विहिरीच्या तळाचा बेडूक’ हा वाक्प्रचार म्हणजे आपला कूपमंडूक आणि ‘तहानेच्या वेळी विहीर खणणे’ हा तर शब्दशः मराठी वाक्प्रचार होय. ‘आगीवर तेल ओतणे’ याचीही तीच स्थिती आहे. ‘दूरचे पाणी जवळची आग विझवीत नाही’ ही चिनी म्हण वाचताना ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही मराठी म्हण आठवते. तथापि दोहोंत फरक आहे. चिनी म्हणीत मदत योग्य असूनही दूर असल्याने निरुपयोगी ठरते, तर मराठी म्हणीत उपाय भलतीकडेच केला जातो. समान प्रतिमेच्या मोहाने अशा सूक्ष्म भेदाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

चिन्हे सर्व परिचित असूनही अर्थ न कळणे, ही छंग-यूंच्या बाबतीत नेहमीची अडचण आहे; कारण त्यांमागे एखादी कथा किंवा ग्रंथातील प्रसंग असतो. ‘मा’ (घोडा) या चिन्हाचे कूळ त्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ‘हरणाकडे बोट दाखवून घोडा म्हणणे’ हा वाक्प्रचार इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस छिन राजवटीतील जाओ गाव या मंत्र्याच्या कृत्यावरून आला. दरबारी लोकांची निष्ठा पाहण्यासाठी त्याने सम्राटापुढे हरीण आणून तो घोडा असल्याचे सांगितले. जाणूनबुजून खोट्याला खरे ठरविणे, असा त्याचा अर्थ आहे. ‘सीमेवरील म्हाताऱ्याचा घोडा हरवला’ याचा अर्थ आपत्तीतून इष्टही निष्पन्न होऊ शकते, असा असून ती कथा इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ‘ह्वाय-नान-ज’ या ग्रंथात येते. ‘म्हातारा घोडा वाट ओळखतो’ याचा अर्थ अनुभवी मनुष्याचे मार्गदर्शन असा होतो. ‘घोडा दौडवीत फुले पाहणे’ याचा आजचा अर्थ वरवर पाहणे असा निंदाव्यंजक आहे. परंतु मंग ज्याव (७५१–८१४) या कवीच्या ज्या कवितेतून तो आला, तीत परीक्षेत यशस्वी झाल्याचा आनंद व्यक्त झाला आहे. येथे चिन्हे तीच राहिली आणि अर्थ मात्र पालटला.

भारतीय मूळ : अनेक चिनी शब्द व वाक्प्रचार बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून आले आहेत. अगणित या अर्थाचा ‘गंगा नदीच्या वाळूइतकी संख्या’, चंचल चित्ताचा वाचक ‘मन माकड, विचार घोडा’, अपुऱ्या ज्ञानाचा निदर्शक ‘आंधळ्यांनी हत्ती चाचपणे’ आणि व्यर्थ खटाटोप सुचविणारा ‘पाण्यातून चंद्र काढणे’ हे त्यांपैकी प्रसिद्ध होत.

भाषांतरकारांपुढे संस्कृत शब्दाचा अर्थ द्यावा की ध्वनी, असा प्रश्न होता. कुमारजीव (चौथे–पाचवे शतक) व ह्यूएनत्संग (सातवे शतक) या दोघांनीही दोन्ही मार्ग अवलंबिले. कोणत्या प्रकारचे शब्द भाषांतरित न करता ध्वनीने लिहावेत, याविषयीचे पाच नियम ह्यूएनत्संगाच्या नावावर सांगितले जातात. महाराष्ट्राचे नाव त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात चार चिन्हांनी ध्वनिरूपात लिहिले आहे. त्या चिन्हांचे अर्थ जोडून पाहिल्यास काहीही निष्पन्न होत नाही. क्षण या अर्थाचा ‘छा-ना’ हाही असाच ध्वनिरूप शब्द होय.

काही वेळा ध्वनीसाठी योजलेल्या चिन्हाला पुढे स्वतंत्र अर्थ प्राप्त झाला. बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या माराचे नाव लिहिण्यासाठी ‘मो’ हे चिन्ह वापरात आले. त्याचा खालचा ‘दगड’ हा घटक बदलून तेथे ‘भूत’ हा घटक घालण्यात आला, पारंपरिक समजुतीप्रमाणे हा बदल ल्यांग वंशातील वू सम्राटाने (कार. ५०२–५४९) केला. आज ‘मो-शू’ म्हणजे जादू व ‘मो-ग्वेय’ म्हणजे सैतान. संस्कृत ‘मार’ शब्दाचे पहिले अक्षर अशा रीतीने चिनी भाषेत एका नव्या शब्दकुळाचे मूळ ठरले.

पूर्व आशियातील समाईक चिन्हे : जपानी, कोरियन व व्हिएतनामी भाषांनी चिनी चिन्हे व त्यांबरोबर शब्दही घेतले. दूरध्वनीला चिनीत ‘द्येन-ह्वा’, जपानीत ‘देन्वा’ व कोरियनमध्ये ‘चोन्ह्वा’ म्हणतात. हे शब्द मुळात त्याच दोन चिन्हांचे आहेत. आधुनिक काळात अशा अनेक संज्ञा प्रथम जपानमध्ये बनल्या व नंतर चीनमध्ये गेल्या. तथापि चिन्हे समान असली तरी अर्थ समान असतोच असे नाही. ‘वाफ-गाडी’ या दोन चिन्हांचा अर्थ जपानीत वाफेची आगगाडी, तर चिनीत मोटारगाडी असा आहे. ‘हात-कागद’ म्हणजे जपानीत पत्र आणि चिनीत शौचालयातील कागद.

मर्यादा : समाईक चिन्हांवर विसंबताना पुढील अडचणी लक्षात घ्याव्या लागतात. (१) समोच्चार : प्रमाण चिनीत चार स्वर (आवाजाचे चढउतार) आहेत व एकाच अवयवाची अनेक चिन्हे असतात. पहिल्या स्वरातील ‘ह्वा’ म्हणजे फूल, दुसऱ्यातील वैभव किंवा चीन, चौथ्यातील बोलणे, चित्र किंवा परिवर्तन. देवनागरीत ही सर्व एकच दिसतात. फराळाच्या पदार्थांना ‘द्येन-शिन’ म्हणतात. पण त्यातील ‘द्येन’ तिसऱ्या स्वरातील असून त्याचा विजेशी संबंध नाही. म्हणून केवळ उच्चारावरून कुळे बसविणे घातक ठरते. चिन्ह डोळ्यांनी ओळखावे लागते. (२) अनेकोच्चार : एकच चिन्ह ‘छांग’ असे वाचल्यास ‘लांब’ व ‘जांग’ असे वाचल्यास ‘वाढणे’ किंवा ‘प्रमुख’ असा अर्थ होतो. चीनची भिंत (‘लांब-तट’) व शाळेचा मुख्याध्यापक या दोन्ही शब्दांत ते आढळते. (३) ध्वनिरूप उसने शब्द : रोम शहराच्या ‘ल्वो-मा’ या नावात घोड्याचे चिन्ह केवळ उच्चारासाठी आहे. (४) सुलभीकरण : १९५६ पासून चीनमध्ये चिन्हे सोपी करताना काही भिन्न चिन्हे एकत्र करण्यात आली. ‘चेहरा’ व ‘पीठ’ यांची चिन्हे पूर्वी वेगळी होती. आता दोन्हींसाठी ‘म्येन’ हे एकच चिन्ह वापरतात. त्यामुळे पावाला ‘म्येन-बाओ’ का म्हणतात, याचा उलगडा जुन्या लिपीवरूनच होतो. तैवानमध्ये अद्यापि जुनी चिन्हे प्रचलित आहेत.

महाराष्ट्रातील अध्ययन : महाराष्ट्रात चिनी भाषेचा अभ्यास मुख्यतः बौद्ध विद्येच्या अनुषंगाने झाला. मूळ संस्कृत किंवा पाली ग्रंथ लुप्त होऊन त्यांची केवळ चिनी वा तिबेटी भाषांतरे उरल्यामुळे हा अभ्यास आवश्यक ठरला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाशी संबंधित असलेल्या वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी आर्यदेवाच्या नावावरील ‘अक्षरशतक’ या ग्रंथाचा चिनी व तिबेटी साधनांवरून केलेला अभ्यास १९३० मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाच्या चिनी रूपाची ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाशी तुलना केली (१९३७) आणि पुढे आकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने विनय-अट्ठकथेच्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले. ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९७० मध्ये प्रसिद्ध केले.

अशा अभ्यासात एका चिन्हाच्या अर्थावर पुष्कळ काही अवलंबून असते. ‘फा’ या चिन्हाचा मूळ अर्थ कायदा किंवा नियम. ‘फा-ल्यू’ (कायदा), ‘यू-फा’ (भाषा-नियम म्हणजे व्याकरण), ‘फांग-फा’ (पद्धती) हे त्याच कुळातील शब्द. बौद्ध भाषांतरकारांनी हेच चिन्ह ‘धर्म’ या शब्दासाठी योजले. परंतु धर्म म्हणजे बुद्धाची शिकवण, तसेच अस्तित्वाचे मूलघटकही. मराठीतही ‘धर्मशाळा’ व ‘गुणधर्म’ यांत ‘धर्म’ निरनिराळ्या अर्थांनी येतो. ज्याने फक्त पहिले कूळ पाहिले आहे, तो तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात जेथे ‘घटक’ असा अर्थ हवा तेथे ‘नियम’ असे वाचील व संपूर्ण प्रतिपादनच चुकेल. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’ची उकल अशा शब्दांवरच अवलंबून आहे. ह्यूएनत्संगाने ६५१–६५४ या काळात केलेल्या त्याच्या चिनी भाषांतराच्या मुख्य आधाराने लुई द ला व्हाले पूसँ यांनी फ्रेंच भाषांतर केले (१९२३–३१). अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात १९४२ च्या आंदोलनानंतर बंदिवासात असताना आचार्य नरेंद्र देव यांनी त्या फ्रेंच ग्रंथावरून हिंदी भाषांतराचे काम केले. संस्कृत ग्रंथ असा चिनी चिन्हांच्या वाटेने सुमारे तेराशे वर्षांनी भारतीय भाषेत परतला.

व्यावहारिक गरजेतून चिनी शिकलेल्या महाराष्ट्रीयांमध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–४२) अग्रगण्य होत. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी ते एक होते, नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्या पथकात होते. कोटणीस १९४१ मध्ये उत्तर चीनमधील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. त्यांनी चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकविली व त्या विषयावर चिनीत पाठ्यलेखनही केले.

वैद्यकीय परिभाषा ही या पद्धतीची उत्तम कसोटी आहे. ‘ख’ म्हणजे शाखा : ‘नेय-ख’ (आतील शाखा) म्हणजे कायचिकित्सा, ‘वाय-ख’ (बाहेरील शाखा) म्हणजे शस्त्रक्रिया, ‘या-ख’ म्हणजे दंतचिकित्सा. ‘येन’ (दाह) या चिन्हात एका आगीवर दुसरी आग रचलेली आहे. फुप्फुसाच्या नावापुढे ते जोडले की न्यूमोनिया, यकृताच्या नावापुढे जोडले की कावीळ उत्पन्न करणारा यकृतदाह आणि सांध्याच्या नावापुढे जोडले की संधिदाह. ग्रीक-लॅटिन मुळांची ओळख नसलेल्या इंग्रजी वाचकास ही नावे दुर्बोध वाटतात. चिनी विद्यार्थ्यास मात्र रोगाचे स्थान व स्वरूप नावातच दिसते.

पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या अखेरीस ‘ह्वा’ हे एकच समाईक चिन्ह जोडले गेले. कोटणिसांचे नाव ‘ख-दी-ह्वा’ असे झाले. पहिली दोन चिन्हे केवळ त्यांच्या आडनावाचा ध्वनी सुचवितात; तिसरे अर्थाने वाचावयाचे असून त्याचा अर्थ चीन असा आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या पुत्राचे नाव ‘यिन-ह्वा’ (भारत-चीन) ठेवण्यात आले. त्यातील दोन्ही चिन्हे सार्थ आहेत. ध्वनीसाठी कोणते चिन्ह व अर्थासाठी कोणते, हे या नावांवरून थोडक्यात स्पष्ट होते.

उपयुक्तता : चीनमध्ये कोशरचनेत हे तत्त्व रूढ आहे. १९१५ सालचा ‘त्स-य्वेन’ व १९७८ पासून प्रसिद्ध होत असलेला आधुनिक चिनी भाषेचा प्रमाण कोश या दोहोंत प्रथम लिपिचिन्ह व त्याखाली त्या चिन्हाने सुरू होणारे शब्द अशी मांडणी आहे. विद्यार्थ्याने प्रथम वारंवार येणारी चिन्हे घ्यावीत, प्रत्येकाखाली आधी पारदर्शक, नंतर अपारदर्शक शब्द लिहावेत आणि वाक्प्रचार त्यांच्या मूळ कथेसह शिकावेत, हा क्रम हितकर ठरतो. अपरिचित शब्द वाचनात आल्यास चिन्हांवरून अर्थाचा तर्क करावा. परंतु तो कोशाशी व वाक्यातील संदर्भाशी ताडून पाहिल्याशिवाय ग्राह्य मानू नये. समाईक चिन्ह अर्थाचा माग दाखविते. त्याचा निर्णय मात्र शब्दाच्या प्रत्यक्ष प्रयोगावर व इतिहासावर अवलंबून असतो.